पावतीचा कागद

तामलवाडीच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला
तेव्हा मागे टॉवेलचे चौदा गठ्ठे,
मे महिना, दुपारचे दोन.
हीटर चालू केला. होय, हीटरच.
इंजिनची आग आपल्या अंगावर घेतली की ते जरा निवतं.
काचा खाली, पिंढऱ्या भाजलेल्या,
थांबत थांबत परत सोलापूर.

तोवर दोन मिस्त्री झाले होते.
सात रस्त्याच्या माणसानं थर्मोस्टॅट बदलला.
मजरेवाडीच्या पोरानं वॉटर पंप बदलला,
हिरवं कूलंट ओतलं,
चार हजार दोनशेची पावती फाडली
आणि म्हणाला, आता काश्मीरला जावा.
मी बाळ्यापर्यंत गेलो.

मस्तान नदाफच्या गॅरेजला पाटी नाही.
अक्कलकोट रोडला एक लिंब, लिंबाखाली एक जॅक, एक खाट.
त्यानं आधी बॉनेटला हातच लावला नाही.
कधी तापती? चढाला, का उभी असताना?
रिकामी पण तापती का लोडलाच?
रात्री कुठं लावतोस?
रात्रीचा काय संबंध, मी म्हटलं.
'सांग की बे.'

कारखान्याच्या मागं. भिंतीला लागून.
जिथं लूमच्या शेडचे पंखे आतली हवा बाहेर टाकतात.

तो काहीच बोलला नाही.
इंजिन निवेपर्यंत दोन चहा झाले.
गरम झाकण फिरवणाऱ्याचा हात बघायचाय? म्हणाला,
आणि स्वतःचं मनगट पुढं केलं.

मग ऑइलची पट्टी ओढून बोटावर पुसली :
काळं, पण दुधाळ नाही.
झाकण काढून गाडी चालू केली, पाण्यात वाकून बघत राहिला
विहिरीत पडलेली घागर शोधावी तसा :
बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट जिवंत.
झाकण बसवलं, इंजिन तापू दिलं.
वरचा पाइप गरम, थोड्या वेळानं खालचाही.
पाणी फिरतंय. पंखा फिरतोय. पट्टा ताठ.
'मग हवाच नाही.'

माझ्या खिशातून न विचारता कागद घेतला,
नेमकी तीच पावती,
आणि पुढच्या जाळीवर धरून सोडून दिली.
चिकटायला हवी होती.
चार हजार दोनशे रुपये अलगद
त्याच्या चपलेवर पडले.

दोन बोल्ट काढून इंटरकूलर पुढं ओढला.
त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे
गादी होती.
करड्या कापसाची, धुळीनं थापलेली, बोटभर जाड,
वाकळीसारखी एका तुकड्यात निघाली.
नदाफ हसत सुटला.
आज्जा गल्लोगल्ली कापूस पिंजायचा आमचा,
धनुकली अजून माळ्यावर हाय.
तीन पिढ्या झाल्या, कापूस काय सुटंना.

पाणी त्यानं इंजिनच्या बाजूनं बाहेर मारलं, हळू धारेनं,
जोरात मारलं तर पाती झोपतात.
काही झोपलेलीच होती. बायकोची जुनी फणी आणून
एकेक उभी केली. त्यात दीड तास गेला.

पुन्हा कागद धरला.
फट्‌ करून जाळीला बसला,
वर मजरेवाडीचा शिक्का, सही, धन्यवाद.
तीनशे रुपये घेतले. पावती नाही.

ती गादी मी पिशवीतून घरी आणली.
अण्णांना दाखवली. अण्णा, नरसय्या गड्डम,
एकतीस वर्षं टेरीच्या लूमवर.
त्यांनी चिमटीत धरून चोळली,
खिडकीपाशी नेली.
वीस नंबर, म्हणाले. लाल आहे ते शेजारच्या कारखान्याचं,
आपल्याकडं हा रंग नव्हता.
मग खोकला आला. नेहमीचा.
पाणी दिलं.

आता गाडी कुठं लावतोस?
रस्त्यापलीकडं. भिंतीपासून चाळीस पावलं.

चाळीस, म्हणाले.
आणि पिशवीचं तोंड
घट्ट बांधून ठेवलं.